नोकरी सांभाळून मुक्त विद्यापीठाची पदवी: तारखा, असाइनमेंट आणि एक दोनशे पानी वही

मशीद बंदरला सुक्या मेव्याच्या एका पेढीवर मी हिशोब लिहिते. बारावीनंतर शिक्षण सुटलं, लग्न झालं, मुलगा झाला आणि २०२१ साली, वयाच्या एकतिसाव्या वर्षी मी एका मुक्त विद्यापीठात बी.कॉम.ला नाव घातलं. तीन वर्षांची पदवी मला साडेचार वर्षं पुरली. वरच्या दीड वर्षातले सहा महिने मुलाच्या आजारपणात गेले, त्याला इलाज नव्हता. उरलेलं एक वर्ष मात्र निव्वळ कागदांच्या घोळात वाया गेलं. यंदा नणंदेचा प्रवेश मीच करून दिला. तेव्हा तिला जे जे सांगितलं, तेच इथे नीट लिहून काढते आहे.

या साडेचार वर्षांत माझ्याबरोबरच्या बऱ्याच जणींनी मध्येच सोडलं. विषय झेपला नाही म्हणून सोडणारी त्यात एखादीच. बाकीच्यांची कुणाची फॉर्मची तारीख गेली, कुणाची असाइनमेंट पोचली नाही, कुणी पुनर्नोंदणी केलीच नाही. म्हणून खाली अभ्यासाइतकंच या कारकुनीबद्दल लिहिलं आहे.

१. पैसे भरण्याआधी हे बघा

आधी ‘दूरस्थ’ आणि ‘ऑनलाइन’ यांत गल्लत करू नका. दूरस्थ पद्धतीत छापील किंवा पीडीएफ पुस्तकं, अभ्यासकेंद्र, रविवारची संपर्क सत्रं (म्हणजे केंद्रावरचे वर्ग) आणि केंद्रावर जाऊन दिलेली परीक्षा असते. ऑनलाइन पद्धतीत व्हिडिओ, वाचनसाहित्य, चर्चा आणि चाचण्या सगळं पोर्टलवर असतं आणि परीक्षाही बऱ्याचदा कॅमेऱ्यासमोर देता येते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२०च्या नियमांनुसार मान्यताप्राप्त विद्यापीठाची या दोन्ही पद्धतींतली पदवी नेहमीच्या कॉलेजच्या पदवीशी समकक्ष धरली जाते. ‘बाहेरून केलेली पदवी चालत नाही’ असं सांगणारा एखादा काका प्रत्येक घरात असतो. त्याला हे सांगा आणि पुढे चला.

मात्र मान्यता विद्यापीठापुरती बघून भागत नाही. तुम्हाला हवा तो अभ्यासक्रम, त्या पद्धतीने आणि त्या वर्षी मान्य आहे का, हे आयोगाच्या दूरस्थ शिक्षण विभागाच्या, म्हणजे ‘डेब’च्या पोर्टलवर तपासा. इंजिनीअरिंग, वैद्यकीय, नर्सिंग, फार्मसी, कायदा, आर्किटेक्चर असे अभ्यासक्रम या मार्गाने होत नाहीत. मानसशास्त्रही २०२५च्या जुलै-ऑगस्ट सत्रापासून या यादीत गेलं, त्यामुळे जुन्या जाहिरातींवर विसंबू नका.

मुंबईत राहणाऱ्यांसाठी स्वस्तातले नेहमीचे पर्याय असे:
– मुंबई विद्यापीठाचं दूरस्थ आणि ऑनलाइन शिक्षण केंद्र, कालिना. १९७१ मध्ये पत्रद्वारा शिक्षण म्हणून सुरू झालेलं. लोक अजून त्याला ‘आयडॉल’च म्हणतात.
– नाशिकचं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ, स्थापना १९८९. मराठीतून शिकायचं असेल तर आधी हेच बघा.
– इग्नू, म्हणजे इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ, स्थापना १९८५. पुस्तकं मुख्यतः इंग्रजी आणि हिंदीत. प्रवेश जानेवारी आणि जुलै, असे वर्षातून दोनदा.
– फक्त महिलांसाठी एसएनडीटी महिला विद्यापीठाचं दूरस्थ शिक्षण.

सापळा: स्टेशनबाहेर ‘एका वर्षात पदवी’ची पत्रकं वाटणारे. विद्यापीठाला असं दुसऱ्याच्या हाती काम सोपवून प्रवेश द्यायची परवानगीच नाही. फॉर्म विद्यापीठाच्या संकेतस्थळावर स्वतः भरा आणि पैसे तिथेच भरा. फॉर्ममध्ये मोबाईल नंबर आणि ईमेल तुमचाच द्या. सायबर कॅफेवाल्याने स्वतःचा नंबर टाकलेली एक बाई मला माहीत आहे. तिचे ओटीपी पुढची दोन वर्षं त्याच्याकडे जात होते.

२. कागदपत्रं, आणि नावाचा घोळ

ही यादी एकदाच जमवा आणि स्कॅन करून फोनच्या एकाच फोल्डरमध्ये ठेवा:
– दहावी आणि बारावीच्या गुणपत्रिका
– आधार कार्ड, मोबाईल नंबर जोडलेलं
– फोटो आणि सही, संकेतस्थळ मागेल त्या आकारात
– आरक्षणाची किंवा शुल्काची सवलत हवी असेल तर जातीचा किंवा उत्पन्नाचा दाखला
– नाव बदललेलं असेल तर त्याचा पुरावा
– एबीसी आयडी आणि डेब आयडी

शेवटचे दोन नवे आहेत. एबीसी म्हणजे ‘अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स’, विषय सुटले की जमा होणाऱ्या तुमच्या क्रेडिटचं, म्हणजे श्रेयांकांचं, बँकखातं. ते डिजिलॉकरमधून उघडतं आणि बारा आकडी नंबर मिळतो. तो हातात आला की डेबच्या पोर्टलवर डेब आयडी तयार करायचा. मी प्रवेश घेतला तेव्हा यातलं काहीच नव्हतं. एबीसी मधल्या वर्षात मागितला. २०२४ पासून मात्र डेब आयडीशिवाय दूरस्थ किंवा ऑनलाइन प्रवेश होत नाही.

लग्न झालेल्या बायकांनी इथे थांबून वाचा. गुणपत्रिकेवर माहेरचं नाव, आधारवर सासरचं आणि पॅनवर तिसरंच काहीतरी, हा प्रकार घरोघरी आहे. एबीसी आयडी आधारवरचं नाव उचलतो आणि विद्यापीठ गुणपत्रिकेवरचं बघतं. नणंदेचं पहिल्या दिवशी नेमकं इथेच अडलं. प्रवेशाचा विचार मनात आला की त्याच आठवड्यात विवाह नोंदणीचं प्रमाणपत्र किंवा राजपत्रातली नावबदलाची नोंद शोधून ठेवा. राजपत्रात नाव यायचं असेल तर त्याला वेळ लागतो आणि प्रवेशाची मुदत तुमच्यासाठी थांबत नाही. पदवीवर कोणतं नाव हवं, तेही आत्ताच ठरवा.

३. तासांचा हिशोब आधी मांडा

हा हिशोब मी दुसऱ्या वर्षी मांडला. पहिल्याच दिवशी मांडला असता तर बराच मनस्ताप वाचला असता.

इग्नूचं गणित असं: १ क्रेडिट म्हणजे ३० तासांचा अभ्यास. त्यात वाचन, व्हिडिओ, असाइनमेंट सगळं आलं. मी नाव घातलं त्या सुमारास तिथली तीन वर्षांची पदवी १३२ क्रेडिटची होती, म्हणजे ३,९६० तास. तीनच वर्षांत संपवायची म्हटली तर आठवड्याला साधारण पंचवीस तास लागतात. सकाळी आठची लोकल पकडून रात्री आठला घरी येणाऱ्या माणसाने पंचवीस तास कुठून आणायचे? मला आठवड्याला बारा मिळायचे. सोमवार ते शुक्रवार गाडीत एकेक तास, शनिवारी तीन, रविवारी चार. अंगात रोजचं काम मुरलेलं असल्यामुळे हिशोबाच्या विषयांना कमी वेळ लागला आणि तिथे वाचलेले तास अर्थशास्त्राने खाल्ले.

पण पदवी पूर्ण करायची कमाल मुदत जास्त असते. इग्नूत तीन वर्षांच्या पदवीला सहा वर्षांपर्यंत मिळतात. सहा वर्षांत विभागलं की आठवड्याला तेरा तासही येत नाहीत. नोकरी असेल तर सगळे पेपर एकाच परीक्षेला द्यायचा हट्ट सोडा. मी एका वेळी तीन पेपर द्यायचे, एक जड आणि दोन हलके. हिशोबाच्या विषयाबरोबर संख्याशास्त्र कधीच नाही.

‘हळू करतेस’ असं लोक म्हणतील. म्हणू द्या, फी तुम्ही भरताय.

४. वही घाला

पेढीवर जशी खतावणी असते तशी पदवीची एक वही घाला. ॲपही चालेल, पण माझा भर वहीवर. रोज डोळ्यासमोर पडते आणि अपडेट मागत नाही. माझी दोनशे पानी होती, पुठ्ठ्यावर मुलाने ट्रॅक्टर काढलेला.

पहिल्या पानावर नोंदणी क्रमांक, अभ्यासक्रमाचा संकेतांक, अभ्यासकेंद्राचा संकेतांक आणि पोर्टलचं यूजरनेम लिहा. पासवर्ड लिहू नका. माझं पोर वाचायला लागलं तशी मी ही सवय मोडली.

दुसऱ्या पानावर सत्राच्या तारखा. इथे चार गोष्टी वेगवेगळ्या असतात आणि नवीन माणूस त्या एकच समजतो:
– पुनर्नोंदणी: पुढच्या वर्षाला किंवा सत्राला नाव घालणं. आधीचे पेपर सुटोत न सुटोत, ही करावी लागते.
– असाइनमेंट जमा करणं.
– परीक्षा फॉर्म: कोणते पेपर या खेपेला देणार हे कळवून शुल्क भरणं.
– प्रत्यक्ष परीक्षा. इग्नूत ती जून आणि डिसेंबरला असते.

पुनर्नोंदणीचे पैसे भरले की परीक्षेचं आपोआप होतं असं मी समजून बसले होते. तसं होत नाही. पहिल्या वर्षी परीक्षा फॉर्मची तारीख मार्चअखेरच्या धांदलीत गेली. शेठ ताळेबंद मागत होते, मी रात्री नऊपर्यंत पेढीवर, आणि फॉर्म आठवला तेव्हा खिडकी बंद झाली होती. अभ्यास झालेला होता, असाइनमेंटही दिलेल्या होत्या. सहा महिने गेले.

म्हणून तिसऱ्या पानावर स्वतःच्या नोकरीच्या अडचणीच्या तारखा लिहा आणि विद्यापीठाच्या तारखांशेजारी ठेवून बघा. माझ्या अशा: दर महिन्याची ११ आणि २०, जीएसटीच्या विवरणपत्रांची. मार्चअखेर. दिवाळीआधीचा महिना, तेव्हा सुक्या मेव्याच्या पेढीवर श्वास घ्यायला फुरसत नसते. शिवाय गणपती, आणि मुलाची सहामाही. या तारखांना लागून अभ्यासाचं काहीच ठेवायचं नाही. विद्यापीठाची मुदत ३० तारखेची असली तर माझ्या वहीत ती १५ तारीख असायची.

सापळा: ‘मुदत वाढेल हो, दरवर्षी वाढते.’ वाढते हे खरं आहे. पण व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर वाढलेली मुदत आणि विद्यापीठाच्या परिपत्रकात वाढलेली मुदत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दर रविवारी पाच मिनिटं विद्यापीठाचं सूचनांचं पान स्वतः उघडून बघा.

५. असाइनमेंट

यावर जरा जास्त लिहिते, कारण हातात असलेले गुण इथेच आहेत.

साधारणपणे ३० टक्के भार असाइनमेंटला किंवा अंतर्गत मूल्यमापनाला आणि ७० टक्के सत्रान्त परीक्षेला असतो. समजा असाइनमेंटला शंभरपैकी ८० मिळाले, तर त्याचे २४ झाले. परीक्षेत दमून-भागून ४० मिळाले, त्याचे २८. एकूण ५२. तीच असाइनमेंट गाडीत बसून खरडली आणि ४५ मिळाले, तर साडेतेरा अधिक २८, म्हणजे साडेएक्केचाळीस. परीक्षेतली मेहनत तेवढीच, पण गुणपत्रिका वेगळी दिसते. मात्र बहुतेक ठिकाणी दोन्हींत वेगवेगळं उत्तीर्ण व्हावं लागतं. एकीकडचे जास्तीचे गुण दुसरीकडचं नापास भरून काढत नाहीत.

आता पद्धत. आधी प्रश्न वाचायचे आणि मग पुस्तक उघडायचं. बहुतेक जण उलट करतात, पुस्तक पहिल्या पानापासून सुरू करतात आणि तिसऱ्या घटकाला झोपतात. प्रश्न वहीत उतरवा, प्रत्येकापुढे तो कोणत्या घटकातला आहे ते लिहा आणि तेवढाच घटक वाचून त्याच दिवशी उत्तराचा कच्चा आराखडा करा. माझ्या असाइनमेंटमध्ये छोटे-मोठे मिळून दहा-बारा प्रश्न असायचे. आठवड्याला दोन या गतीने एक असाइनमेंट दीड महिन्यात उरकते, आणि ती उरकली की अर्धा अभ्यासक्रम वाचून झालेला असतो.

हिशोबाच्या विषयात नोकरी करणाऱ्यांचा एक खास घोटाळा होतो. पेढीवर मी घसारा, म्हणजे वापराने वस्तूची दरवर्षी घटणारी किंमत, टॅलीत एका नोंदीत टाकते. पहिल्या असाइनमेंटमध्येही तसंच केलं, नुसतं उत्तर लिहिलं. उत्तर बरोबर होतं आणि दहापैकी चार मिळाले. शेरा होता, ‘कार्यटीप कुठे?’ तपासणाऱ्याला पायऱ्या हव्या असतात. एक लाखाचं यंत्र, घटत्या शिलकीवर १० टक्के घसारा. पहिल्या वर्षी १०,०००. उरले ९०,०००, त्यावर ९,०००. उरले ८१,०००, त्यावर ८,१००. हे तीन ओळींचं कोष्टक शेजारी आखलं की गुण मिळतात. आपल्याला रोजचं म्हणून जे क्षुल्लक वाटतं, नेमकं तेच कागदावर दाखवावं लागतं.

लिहिताना आणि देताना:
– प्रश्नपत्रिका चालू सत्राचीच उतरवा. मागच्या वर्षीचे प्रश्न सोडवून दिले तर ते धरत नाहीत.
– हस्ताक्षरात मागितली असेल तर हस्ताक्षरातच, एका बाजूने, समास सोडून.
– पहिल्या पानावर नाव, नोंदणी क्रमांक, विषयाचा संकेतांक, केंद्राचा संकेतांक आणि तारीख. विषयाचा संकेतांक चुकला तर गुण भलत्याच विषयाला जातात.
– देण्याआधी प्रत्येक पानाचा फोनने स्कॅन करा. एका विषयाची एकच पीडीएफ, फाइलच्या नावात संकेतांक.
– पोच घेतल्याशिवाय जागचं हलायचं नाही.

शेवटचा मुद्दा मला महागात पडला आहे. दुसऱ्या वर्षी तीन असाइनमेंट घेऊन एका शनिवारी अभ्यासकेंद्रावर गेले. तिथल्या माणसाने मान वर न करता कोपऱ्यातल्या गठ्ठ्याकडे बोट दाखवलं, ‘ठेवा तिथे.’ मी पोच मागितली. तो म्हणाला, ‘पोच-बीच काही नसते मॅडम, ऑनलाइन दिसेल.’ मला पावणेदोनची गाडी पकडायची होती. ठेवल्या आणि आले. पाच महिन्यांनी पोर्टलवर दोन विषयांपुढे ‘प्राप्त नाही’. केंद्रावर गेले तर गठ्ठाही नव्हता आणि तो माणूसही नव्हता. पुन्हा द्यायला सांगितलं, नव्या सत्राच्या नव्या प्रश्नांवर. ते गुण पुढच्या फेरीत लागले आणि दुसरे सहा महिने गेले. व्यापाऱ्याच्या पेढीवर काम करणारी बाई मी. पाच किलो बदामसुद्धा पावतीशिवाय दाराबाहेर जाऊ देत नाही आणि स्वतःची चाळीस पानं तशीच ठेवून आले.

आता अनेक ठिकाणी असाइनमेंट पोर्टलवर चढवता येतात. तिथेही ‘यशस्वी’ असं आलेल्या पानाचा स्क्रीनशॉट काढा आणि तारीख वहीत टाका. शेवटच्या दिवशी पोर्टल रडतं, हे गृहीत धरा.

सापळा: सोडवलेल्या असाइनमेंटच्या पीडीएफ. टेलिग्रामवर मिळतात, काही झेरॉक्सच्या दुकानांत तर बांधून ठेवलेल्या असतात. एकाच केंद्रावर एकसारखी तीस उत्तरं आली की तपासणाऱ्याला कळायला वेळ लागत नाही. एआयकडून लिहून घेतलेल्या उत्तरांचंही तेच होतं, भाषा गुळगुळीत आणि पुस्तकातलं उदाहरण एकही नाही. न समजलेला मुद्दा सोपा करून घ्यायला त्याला जरूर विचारा, मीही विचारायची. उत्तर मात्र स्वतः लिहा, कारण परीक्षेत तीन तास तुम्हीच लिहिणार आहात.

६. अभ्यास कुठे आणि कसा

मी कांजूरमार्गला राहते. सकाळच्या धीम्या गाडीत बसायला मिळत नाही, तेव्हा एक हात कडीला आणि एका कानात हेडफोन. सकाळी फक्त ऐकायचं. व्हिडिओ आदल्या रात्री घरच्या वायफायवर उतरवून ठेवायचे, कारण गाडीत नेटवर्कचा भरवसा नाही. संध्याकाळी मशीदहून सरळ चढायच्या ऐवजी उलटं सीएसएमटीला जायचं आणि तिथून बसून यायचं. त्यासाठी पास सीएसएमटीपर्यंतचा काढा, टीसी त्या एका स्टेशनालाही सोडत नाही. बसायला मिळालं की घरापर्यंत पाऊण तास सलग वाचन होतं. लेडीज डब्यात क्लिपा, नेलपेंट आणि मटार सोलणं यांच्यामध्ये मी अख्खं व्यवसाय कायद्याचं पुस्तक संपवलं. आमच्या ग्रुपमधल्या नाहूरच्या एकीने तर मला प्रश्न विचारून विचारून स्वतःच करार कायदा पाठ केला.

घरी दहा बाय बाराच्या खोलीत टीव्हीसमोर अभ्यास होत नाही. भांडणात वेळ घालवण्यापेक्षा अभ्यासिका शोधा. मुंबईत जवळजवळ प्रत्येक मोठ्या वस्तीत महापालिकेची किंवा एखाद्या मंडळाची अभ्यासिका असते. महिन्याचं शुल्क किरकोळ असतं. दादरला मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय आहे, फोर्टला टाऊन हॉलमधलं ग्रंथालय आहे. शनिवारचे तीन तास घराबाहेर काढलेत तर ते सहा तासांचं काम करतात.

पुस्तकं मिळायला उशीर झाला म्हणून हातावर हात ठेवून बसू नका. इग्नूची पुस्तकं ईज्ञानकोशावर फुकट आहेत आणि दुसऱ्या विद्यापीठाच्या विद्यार्थ्यालाही ती वाचता येतात. केंद्र सरकारच्या स्वयम् पोर्टलवर वाणिज्य आणि कला शाखेचे चांगले कोर्स आहेत. शिकायला पैसे नाहीत, परीक्षा द्यायची तर शुल्क आहे. तिथले क्रेडिट पदवीत धरून घ्यायचे असतील तर आधी विद्यापीठाची परवानगी घ्या आणि मगच परीक्षेचे पैसे भरा.

मराठी माध्यमातून आलेल्यांसाठी एक युक्ती. वहीच्या शेवटच्या पानांवर दोन रकाने करा. घसारा – डेप्रिसिएशन, ताळेबंद – बॅलन्स शीट, भांडवल – कॅपिटल. पन्नासेक शब्द झाले की इंग्रजी पुस्तक अंगावर येत नाही.

७. संपर्क सत्रं

सक्तीची नसली तरी पहिली दोन चुकवू नका. तिथे शिकवण्यापेक्षा ओळखी महत्त्वाच्या. चार माणसांचा छोटा ग्रुप करा आणि बाकीचे दोनशे-तीनशे जणांचे ग्रुप म्यूट करा.

सत्रं रविवारी असतात आणि रविवारी मेगाब्लॉक. माटुंगा ते मुलुंड धीम्या मार्गावर ब्लॉक असला की गाड्या जलद मार्गावरून वळवतात आणि विद्याविहार, कांजूरमार्ग, नाहूर इथे बऱ्याचदा थांबतच नाहीत. शनिवारी रात्री ब्लॉकची बातमी वाचूनच अलार्म लावा. परीक्षा रविवारी आली तर हेच दुप्पट काळजीने.

८. परीक्षा

तयारीतली एक गोष्ट कुणीच सांगत नाही: हात. बारा वर्षं कीबोर्डवर काम केलेल्या माणसाला तीन तास पेनाने लिहिता येत नाही. पहिल्या पेपरात पाऊण तासातच माझा अंगठा आखडला आणि शेवटचा वीस गुणांचा प्रश्न अर्धा राहिला. परीक्षेआधी महिनाभर रोज चार पानं घड्याळ लावून लिहा, आणि ती जुन्या प्रश्नपत्रिकांचीच लिहा. मागच्या चार-पाच सत्रांच्या प्रश्नपत्रिका विद्यापीठाच्या संकेतस्थळावर असतात. त्या शेजारी शेजारी ठेवल्या की कोणता घटक दर वेळी येतो ते दिसतं.

प्रवेशपत्र आलं की लगेच केंद्राचा पत्ता, पेपरची तारीख आणि सत्र सकाळचं की दुपारचं, हे वहीत उतरवा. एका पेपरला माझं केंद्र बदललं होतं. मी आधीच्याच ठिकाणी जाऊन उभी, आणि तिथून रिक्षाला दीडशे रुपये. पेपर जूनमध्ये असेल तर प्रवेशपत्र आणि ओळखपत्र प्लॅस्टिकच्या पाकिटात, दोन प्रती काढून. पावसात निघायची वेळ एक तास अलीकडे घ्या.

रजेचं आधीच बोलून ठेवा. मी वेळापत्रक आलं त्या दिवशी शेठना छापून दिलं आणि त्यांच्या टेबलाच्या काचेखाली ठेवायला लावलं.

घरून कॅमेऱ्यासमोर परीक्षा असेल तर आधीची चाचणी फेरी चुकवू नका. मागून माणूस गेला तरी इशारा येतो. एका मैत्रिणीच्या सासूबाई देवाला फूल वाहायला आल्या आणि हिला दोन इशारे मिळाले. तेव्हापासून ती पेपर आईकडे भांडुपला जाऊन देते. शेजारच्या फोनचं हॉटस्पॉट तयार ठेवा.

९. पैसे

जाहिरातीत दिसते ती फक्त प्रवेशाची फी. तिच्यावर पेपरमागे परीक्षा शुल्क, चुकलेल्या तारखेचा दंड, छपाई, प्रवास आणि शेवटी पदवी प्रमाणपत्राचं शुल्क येतं. इग्नूत छापील पुस्तकांऐवजी डिजिटल घेतली तर फीत १५ टक्के सूट मिळते. पण फोनवर वाचून डोळे दुखत असतील तर ती सूट झेरॉक्सवाल्यालाच जाते, हे लक्षात ठेवा. मी दर महिन्याला पाचशे रुपये वेगळ्या पाकिटात टाकायची, त्यातच सगळं भागलं.

पैसे भरून झाल्यावर पान अडकलं आणि खात्यातून रक्कम गेली, तर घाईने पुन्हा भरू नका. व्यवहार क्रमांक लिहून घ्या, एक दिवस थांबा, पोर्टलवरची स्थिती बघा.

१०. काही अडलं तर

तोंडी विचारपूस पुरत नाही. ईमेल करा, विषयाच्या ओळीत नोंदणी क्रमांक आणि अडचण तीन शब्दांत. सोबत पोचीचा किंवा स्क्रीनशॉटचा पुरावा जोडा. आठ दिवसांत उत्तर आलं नाही तर त्याच ईमेलवर पुन्हा लिहा, नवा धागा उघडू नका. त्यानंतर तक्रार निवारणाच्या पोर्टलवर तक्रार नोंदवा आणि तिचा क्रमांक वहीत टाका. प्रादेशिक केंद्रावर जायचंच असेल तर ईमेलची छापील प्रत घेऊन जा. ती समोर ठेवली की खिडकीवरचा सूर बदलतो, हा माझा तीन खेपांचा अनुभव आहे.

निकाल लागला की गुणपत्रिका लगेच उतरवून घ्या आणि प्रत्येक विषयापुढे असाइनमेंट आणि परीक्षा दोन्हींचे गुण चढले आहेत का ते बघा. सगळे विषय पूर्ण दिसल्यावर पदवीचा अर्ज करा आणि त्याआधी पोर्टलवरचा पत्ता तपासा. माझी पदवी टपालाने आली, पण पत्ता होता २०२१चा, आम्ही घर बदलण्याआधीचा. जुन्या चाळीतल्या शेजारणीने ती घेऊन आठ दिवस गणपतीच्या फोटोमागे जपून ठेवली होती.